उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

वरच्या गल्लीत दोन दिवस पाण्याचा थेंब आला नाही, आणि त्याला कारण मी. त्याच दोन दिवसांत खालच्या गल्लीत, म्हणजे आमच्या, इतकं पाणी आलं की लोकांनी स्कूटर धुतल्या, मग स्कूटरखालची फरशी धुतली, आणि धुण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा शेजारच्या मास्तरांनी कंपाउंडची भिंत धुतली. आईनं सहा ब्लँकेटं, घरातले सगळे पडदे आणि एक सतरंजी धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत घातली. आमची गच्ची वरच्या गल्लीतून सरळ दिसते. तेव्हा वरच्या गल्लीतले लोक कोरड्या नळाखाली बादली ठेवून दोन दिवस आमचे ओले पडदे बघत होते.

हेच दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर चार दिवस बोलून लोक विसरले असते. पण माझे वडील पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, चावीवाले म्हणतात. टाकी एक आणि गल्ल्या सहा, त्यामुळे पाणी पाळीपाळीनं सुटतं. रस्त्यात जागोजागी लोखंडी झाकणं आहेत. झाकण उचलायचं, खाली खड्ड्यात व्हॉल्व्हचं डोकं दिसतं, त्यावर कमरेएवढी लांब लोखंडी चावी बसवायची आणि फिरवायची. चाळीस मिनिटांनी परत येऊन बंद करायचा आणि पुढच्या गल्लीकडे निघायचं. सायकलच्या दांडीला चावी बांधून बाबांनी एकतीस वर्षं एवढंच केलं.

या प्रकाराच्या तीन आठवडे आधी, सकाळची फेरी संपवून आल्यावर बाबांच्या हातातून चहाचा कप पडला. ते तो उचलायला वाकले, पण हात पुढे गेलाच नाही. आई म्हणाली, "राहू दे, मी उचलते." तिला आणि मला दोघांनाही वाटलं की फक्त कपच पडलाय.

नऊ दिवस दवाखान्यात काढून बाबा घरी आले ते उजवी बाजू बधिर घेऊन. पाय ओढत का होईना चालतो. जीभ जड झाली, पण शब्द कळतात. हात मात्र गेला. तो मांडीवर पडलेला असतो, आणि खुर्चीवर नीट बसायचं झालं की बाबा डाव्या हातानं तो उचलून बाजूला ठेवतात, पाहुण्याची पिशवी बाजूला ठेवावी तसा. चिमटा काढला तर कळत नाही. मी काढून बघितलाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काढलास का?"

अशा वेळी घरात रडारड होते असं ऐकलं होतं. आमच्याकडे यादी झाली. गोळ्या कधी, मालीश कधी, कोण कधी घरात असणार. यादी आईनं फ्रिजला चिकटवली. त्यानंतर आम्ही तिघं त्या यादीप्रमाणे वागत होतो आणि एकमेकांशी फार बोलत नव्हतो. मला वाईट वाटेल याची मी वाट पाहिली. नंतर तेही सोडून दिलं.

मुकादम बघायला आला तेव्हा बिस्किटाचा पुडा घेऊन आला होता, पण त्याचं काम वेगळं होतं. त्याच्याकडे बदली माणूस नव्हता, इतके दिवस दुसऱ्या वॉर्डातला व्हॉल्व्हमन उसना आणून भागवलं होतं. तो मला बाहेर घेऊन गेला. "हे बघ, काकांच्या निवृत्तीला चार महिने आहेत. दुसरा माणूस मिळेपर्यंत तू फिरव. कागदावर काका रजेवर, रस्त्यावर तू. कुणी विचारलं तर तू नाहीसच."

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. ते अकराला उघडतं, त्यामुळे सकाळ मोकळीच असते. शिवाय माझं वायरमनचं शिक्षण झालंय. "फिरवणं-बसवणं मला काही नवीन नाही," असं मी मुकादमाला म्हणालो. हे वाक्य आई मला अजून ऐकवते, शक्यतो पाहुण्यांसमोर.

बाबांनी पडल्या पडल्या फेरी समजावून सांगितली. आधी बाजार, मग शाळेमागची गल्ली, मग वखारीची, असं डाव्या हाताच्या एकेका बोटावर. पाच बोटं संपल्यावर सहाव्यासाठी त्यांनी माझं बोट धरलं. "आपली," ते म्हणाले. "शेवटी. पस्तीस."

आमची गल्ली शेवटी आणि चाळीसऐवजी पस्तीस मिनिटं, हा सरकारी नियम नव्हे. तो बाबांचा. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या आधीचा चावीवाला स्वतःच्या गल्लीला दीड तास पाणी देई आणि बाकीच्यांना उरलंसुरलं. लोक त्याच्या दारात जाऊन गयावया करत. बाबांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की आपली गल्ली शेवटी राहील आणि तिला पाच मिनिटं कमी मिळतील. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. "कुणी म्हणायला नको," एवढंच त्यांचं त्यावरचं भाष्य. नागरिकशास्त्राचं पुस्तक मला शाळेत तीन वर्षं होतं. त्यात इतकं कमी शब्दांत काहीच नव्हतं.

याचा पहिला फटका आईला बसला. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं केसांना साबण लावला आणि नळ गेला. तिनं खिडकीतून हाक मारली, "अहो, पाच मिनिटं!" बाबा वरच्या गल्लीच्या तोंडाशी, झाकणाजवळ उभे दिसत होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि चावी काढून सायकलला बांधली. "डोक्याला फेस, आणि नवरा घड्याळ बघतोय. असा आमचा संसार सुरू झाला," आई सांगते.

मग त्या पाच मिनिटांच्या तुटीवर आमच्या घराच्या रीती उभ्या राहिल्या. उशिरा उठेल त्याला एकच तांब्या. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. दात घासताना नळ सुरू ठेवला तर दुसऱ्या दिवशी पाणी तो भरणार. पाहुणा आला की त्याला आधी पाणी प्यायला द्यायचं आणि लगेच पाण्याची वेळ सांगायची. ताईच्या लग्नाला घरात चाळीस माणसं होती. मुकादम स्वतः म्हणाला, "काका, आज दहा मिनिटं जास्त सोडा, कोण काय म्हणणार आहे?" बाबांनी पस्तीस मिनिटांनी बंद केलं. नवरदेवाचे मामा अंघोळीविना लग्नाला उभे राहिले. या गोष्टीला सात वर्षं झाली. मामा भेटले की अजून अंगाचा वास घेऊन दाखवतात.

मास्तर बाबांना ऐकवायचे, "दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर टाकीखाली कोरड!" मराठीत पाण्यावरून जेवढे वाक्प्रचार आहेत तेवढे आईनं बाबांवर वापरून संपवले. पालथ्या घड्यावर पाणी हा त्यातला सगळ्यात सौम्य. बाबा ऐकून घेत. त्यांना बोलायची हौस नव्हती, कपड्यांची नव्हती, गावात कुठं पुढं पुढं करायची नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्यावर तक्रारी झाल्या नाहीत असं नाही. उशीर केला, गढूळ आलं, दारात सायकल लावली. पण यानं स्वतःच्या घरी पाणी नेलं, अशी एकही नाही. मिरवण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि तेही ते मिरवत नसत.

आणि मग चावी माझ्या हातात आली.

पाचवं झाकण वरच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याखाली दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी आहेत, एक वरच्या गल्लीचा, एक आमचा. आधी वरचा उघडायचा, तो पूर्ण बंद करायचा आणि मगच आमचा. दोन्ही एकदम उघडे राहिले तर सगळं पाणी उताराला, आमच्याकडे. हे बाबांनी दोनदा सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी चारही गल्ल्या नीट झाल्या. पाचव्या झाकणाशी मी चावी बसवून वरचा व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला, आधीचे चार फिरवले तसाच. फिरेना. पाय रोवून बघितलं, तरी नाही. मी विचार केला की म्हणजे हा उघडाच असणार. उसन्या व्हॉल्व्हमननं आदल्या दिवशी घाईत तसाच सोडला असेल. मी खड्ड्याशेजारी बसून चाळीस मिनिटं मोबाइलवर कुणाचा तरी क्रिकेटचा सामना बघितला. मग तोच व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद केला. छान फिरला, लोण्यासारखा. मग आमचा उघडला आणि खाली आमच्या गल्लीत आलो. मास्तर कट्ट्यावर आले, त्यांच्याशी बोलत बसलो, आणि पस्तीस मिनिटांचा सव्वा तास झाला.

दुसऱ्या दिवशी वरचा व्हॉल्व्ह डावीकडेही छान फिरला. मी समाधानानं मान डोलावली. आमच्या गल्लीला मी त्या दिवशीही तासभर दिला, कारण आईचे पडदे अर्धे राहिले होते. तिनं मागितलं नव्हतं. मीच वरून बघितलं, गच्चीवर ती पिळत होती, आणि मला वाटलं, असू दे. तीन आठवड्यांत मी तिला काही मनापासून करताना बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात आला, या खेपेला बिस्किटाशिवाय. हातात बावीस सह्यांचा कागद. त्यानं तो उभ्या उभ्या वाचला. "व्हॉल्व्हमनच्या मुलाने वरच्या गल्लीचे पाणी दोन दिवस बंद ठेवून स्वतःच्या गल्लीस वळवले. त्यांच्या गच्चीवरील कपडे हा पुरावा." पहिली सही वरच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या मावशींची होती.

आई गच्चीवर गेली आणि पडदे काढू लागली. खालून मास्तर म्हणाले, "वहिनी, आता काढून काय उपयोग? वाळले ते."

बाबा खुर्चीत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "वरचा. फिरला?"

"पहिल्या दिवशी फिरलाच नाही. घट्ट होता. मला वाटलं उघडाच आहे."

"कुठं? कुठं फिरवलास?"

"डावीकडे. सगळे फिरवतात तसा."

त्यांनी डावा हात हवेत फिरवून बघितला. थांबले. परत फिरवला. काहीतरी आठवायचं होतं ते येत नव्हतं. मग डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, तो मेलेला हात समोर आणला आणि हळूहळू फिरवला. तो उजवीकडे गेला.

"उलटा आहे," बाबा म्हणाले.

"काय उलटा?"

"त्याचे आटे. जुना आहे. डावीकडे बंद होतो. उजवीकडे उघडतो."

मी म्हणालो, "हे तुम्ही सांगितलं नाहीत." आवाज चढला असावा, कारण मुकादमानं माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. उजवा हात परत मांडीवर ठेवला. "हाताला माहीत होतं."

मग सगळं मलाच कळत गेलं. पहिल्या दिवशी बंद व्हॉल्व्ह मी आणखी बंद करत होतो, म्हणून तो फिरला नाही. मग बंद करायला गेलो तेव्हा उघडला, आणि शेजारचा आमचाही उघडून दिला; आमचा बंद करेपर्यंत टाकीच रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी उघडायला गेलो आणि बंद केला. नंतर परत तेच. वायरमनचं शिक्षण होतं माझं.

मुकादमाचा चेहरा मात्र खुलला. तो खुर्ची ओढून बसला. "काका, मग काळजीच मिटली. जुना व्हॉल्व्ह बिघडला. तांत्रिक बिघाड. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, मी नवीन बसवून घेतो. तुमचं नाव राहतं, माझं राहतं, आणि हा तर कागदावर नव्हताच."

"बिघडला नाही," बाबा म्हणाले.

"अहो, बिघडला असं समजा."

"एकतीस वर्षं चाललाय. त्याच्या आधीपासून. बिघडलेला नाही तो."

"काका, तुम्ही आता व्हॉल्व्हची अब्रू सांभाळणार का?"

आई पडद्यांचा ढीग घेऊन खाली आली होती. ती दारातूनच म्हणाली, "अहो, करा ना सही. आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या बाजूनं पाणी सोडा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघायला चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लागतात. मग मला म्हणाले, "लिही."

मी लिहिलं ते असं: "वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे. तो माझ्या मुलाने माझ्या जागी फिरवला आणि चुकीचा फिरवला. उलटा आहे हे मी त्याला सांगितले नव्हते. पाणी आमच्या गल्लीत गेले. ते जाणून नेले नाही, पण गेले."

"'गेले'वर थांबायचं कशाला? पुढं 'क्षमा असावी' लिहा की," मुकादम म्हणाला.

"ते तिथं जाऊन सांगतो," बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं सही केली. पहिलीतल्या पोरानं भिंतीवर केल्यासारखी दिसत होती.

त्या कागदानं जे व्हायचं ते झालं. माझं चावी फिरवणं त्याच दिवशी थांबलं, पालिकेनं नवीन माणूस त्याच्या स्वतःच्या चावीसकट पाठवला. कागदावर नसलेला माणूस कागदावर आला म्हणून मुकादमाला साहेबांनी लेखी विचारणा केली. तो अजून आमच्या दारावरून जातो तेव्हा स्वतःच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत जातो. आठवडाभरात उलटा व्हॉल्व्ह काढून सुलटा बसवला. बाबांनी विचारलं, "जुन्याचं काय केलं?" मी म्हणालो, "भंगारात टाकला." ते "बरं" म्हणाले.

वरच्या गल्लीत आम्ही सही केली त्याच संध्याकाळी गेलो. रस्ता सपाट असता तर पाच मिनिटांची वाट, पण चढ आहे. एका बाजूनं मी, एका बाजूनं आई. अर्धा तास लागला. लोक दारात येऊन उभे राहिले होते. एकानं खुर्ची आणली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आता आले बघा, घरचं पाणी भरून झाल्यावर." बाबांनी त्याच्यासमोर उभं राहून तेच सांगितलं, व्हॉल्व्ह उलटा, मुलानं फिरवला, मी सांगितलं नाही, पाणी आमच्याकडे गेलं. मग पुढच्या दाराशी. परत तेच. चौथ्या दाराशी त्यांची जीभ इतकी जड झाली की मला वाटलं मी सांगावं. आईनं माझा दंड दाबला.

लाँड्री शेवटच्या घरात आहे. मावशी इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री थांबवली नाही. मागच्या मोरीत मोठं पिंप कोरडं पडलं होतं, त्यात एक मांजर बसलं होतं.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. मी मध्येच म्हणालो, "मावशी, त्यांचं म्हणणं असं की—"

"तू थांब. दोन दिवस तू फिरवलंस तेवढं बास झालं. त्यांना बोलू दे, कळतंय मला."

बाबांनी सगळं सांगितलं. मावशींनी एक चादर घडी करून ठेवली, दुसरी घेतली. "दवाखान्याच्या चादरी यायच्या माझ्याकडे. परवा वेळेवर दिल्या नाहीत. त्यांनी दुसरीकडे टाकल्या." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आज कोणता वार आहे ते सांगावं तसं सांगितलं.

"तो कागद," आई म्हणाली, "त्यावर तुमची पहिली सही आहे. यांना चार महिने राहिलेत. मागे घेतलात तर..."

"मागे कशी घेऊ, वहिनी? पाणी आलं नव्हतं हे खोटं आहे का?"

"'वळवलं' असं लिहिलंय तुम्ही."

"मला तर तसंच दिसलं. तुमचे पडदे दिसले."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे." आणि मग, "पाणी परत करतो."

मावशींनी पहिल्यांदा इस्त्री उभी केली. "कसं? आता नळात उलटं ओतणार का?"

घरी आल्यावर त्याचा खुलासा झाला. त्या दोन दिवसांत आपल्या नेहमीपेक्षा किती जास्त पाणी आपण घेतलं, ते बाबांना हवं होतं. आईला हिशेबाला बसवलं. गच्चीवरची टाकी, पिंप, दोन हंडे, सहा ब्लँकेटं, पडदे, सतरंजी. बाबांनी ठरवलं, वीस लिटरचे तीस कॅन. ते लाँड्रीला द्यायचे, कारण बाकीच्यांची गैरसोय झाली पण मावशींचं काम गेलं. ते आपल्या पस्तीस मिनिटांतून द्यायचे.

"गल्लीतल्या तीस घरांनी भरलं," आई म्हणाली. "मास्तरांनी भिंत धुतली, भिंत! आणि परत करायचं ते आपणच?"

"चावी आपली होती," बाबा म्हणाले.

त्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांच्या आवाजात बरंच काही बोलली.

मग रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरला दोन बाजूंना दोन कॅन बांधून मी चढ चढू लागलो. बाबांची सायकल, दांडीला चावीच्या घासण्यानं रंग उडालेली. पहिल्या दिवशी वरच्या गल्लीतली पोरंसोरं हसली. दुसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "पाणी आणतोस की पापं धुतोस?" तिसऱ्या दिवसापासून कुणी काही बोललं नाही. मावशी पिंपाकडे बोट दाखवायच्या, मी ओतायचो, त्या "हं" म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या आईनं कॅन आतून घासलाय वाटतं. आधी त्याला तेलाचा वास होता." मला ते माहीत नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवसापासून मी उठायच्या आत दोन्ही कॅन भरून दारात ठेवलेले असायचे. मी आईला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या दिवसांत ती डोक्यावरून अंघोळ आठवड्यातून एकदाच करत होती.

मी परत आलो की बाबा विचारायचे, "किती राहिले?" मी आकडा सांगायचो. सव्वीस. चोवीस. बावीस. ते मान हलवायचे आणि आई त्यांच्या पायाला मालीश करायला बसायची. यादी फ्रिजवर होतीच. त्यात कुणीतरी खाली "कॅन" असं लिहिलं होतं.

कागद कुणी मागे घेतला नाही. साहेबांनी तक्रार आणि बाबांचा खुलासा दोन्ही एकत्र टाचून त्यांच्या नोकरीच्या फायलीत लावले. मला ते ऑफिसातल्या कारकुनानं दाखवलं. एकतीस वर्षांची ती फाईल चांगली जाड असेल असं मला वाटलं होतं. बोटभरही नव्हती. शेवटची दोन पानं ती. मी घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, "दोन्ही आहेत?" मी म्हणालो, "दोन्ही." "आधी कुठलं?" "तक्रार आधी, मग तुमचं." "मग ठीक आहे," ते म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत होतो. उजव्या बाजूला काही दिसणार नव्हतंच. डाव्या बाजूलाही दिसलं नाही. पण त्या दिवशी ते पूर्ण जेवले.

अठ्ठावीस कॅन झाले आणि एकोणतिसावा-तिसावा घेऊन मी गेलो, तर मावशी दारातच आडव्या आल्या.

"हे परत ने."

"मावशी, शेवटचे दोन आहेत."

"ठेवू कुठं? आता रोज पाणी येतंय, वेळेवर येतंय, नवीन माणूस बरा आहे. पिंप भरलंय, टाकी भरलीय, बादल्या भरल्यात. डोक्यावर घेऊन बसू का?"

"चादरी परत आल्या का दवाखान्याच्या?"

"नाही आल्या. म्हणून तर पाणी लागत नाही."

मी म्हणालो, "बाबा ऐकणार नाहीत. मी इथं गटारात ओततो आणि झाले म्हणून सांगतो."

"ओत की," त्या म्हणाल्या. "तुझं तुझ्यापाशी."

मी कॅनचं बूच उघडलं नाही. का ते मला सांगता यायचं नाही. चांगुलपणा वगैरे नव्हता. मला फक्त घरी जाऊन "शून्य" म्हणताना बाबांचं तोंड दिसलं. "मग काय सांगू त्यांना?"

"सांग, मला लागेल तेव्हा मी मागेन."

बाबांना ते पटलं नाही. "मागेल ती?"

"म्हणाल्या, मागेन."

"तिला कशाला मागावं लागावं," ते म्हणाले. आई म्हणाली, "अहो, एवढी दोन कॅनची गोष्ट."

बाबा निवृत्त झाले त्याला आता महिना झाला. मुकादम कागद घेऊन आला, दारातच सह्या घेतल्या, घरात पडलेली बाबांची चावी मोजून नेल्यासारखी नेली. घोटभर चहाला थांबला नाही. आमच्या गल्लीला आता नवीन माणूस चाळीस मिनिटं देतो, सगळ्यांसारखी. पस्तीस झाली की आई अजून नळ बंद करते.

दुकानात जाताना मी मुद्दाम वरून जातो. काल गेलो तेव्हा मावशी कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होत्या. मी सायकल थांबवून विचारलं, "मावशी, आणू का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती?"

"दोनच."

"उद्या परत विचार."

मी म्हणालो, विचारतो.